दारातली सात मिनिटं

जेवणाच्या टेबलाच्या वर, भिंतीला जे घड्याळ असतं ते बऱ्याच घरांत पाच किंवा दहा मिनिटं पुढे असतं. कुणी लावलं, कधी लावलं, कुणाला आठवत नाही. पण ते पुढे आहे हे घरातल्या शेंडेफळालाही माहीत असतं. आणि इथंच त्या युक्तीचा जीव जातो. घड्याळात आठ दिसले की डोकं आपसूक दहा वजा करतं आणि वर ‘आहेत की अजून दहा मिनिटं’ असा दिलासा देतं. जी दहा मिनिटं हातची म्हणून बाजूला काढली होती, तीच रोज सगळ्यात आधी खर्च होतात. फसतो तो फक्त पाहुणा. निम्मा चहा कपात टाकून तो ताडकन उठतो आणि मग त्याला सांगावं लागतं, बसा हो, ते पुढे आहे.

यावर एक उतारा असा सांगतात की घड्याळ किती पुढे आहे हे उशीर करणाऱ्याला कळूच द्यायचं नाही. घरातल्या दुसऱ्या कुणीतरी ते तीन ते अकरा मिनिटांच्या मध्ये कुठंही लावायचं आणि पंधरा दिवसांनी गुपचूप बदलायचं. वजाबाकीला आकडाच नसला की माणूस निमूटपणे घड्याळाचं ऐकतो. विचार बरोबर आहे. पण खिशातला मोबाइल वेळ नेटवर्कवरून घेतो आणि त्याला घरातले डावपेच ठाऊक नसतात. मोबाइल एकदा पाहिला की फरक उघडा पडतो.

त्यापेक्षा घड्याळ बरोबर लावावं आणि त्याची जागा बदलावी. ते हॉलमध्ये नको, न्हाणीघरात हवं: आतल्या बाजूला, दाराच्या वर, शिंतोडे पोहोचणार नाहीत अशा उंचीवर, मोठ्या आकड्यांचं. डोक्यावर गरम पाणी पडत असताना पाच मिनिटं आणि बारा मिनिटं सारखीच वाटतात. घरात सगळीकडे वेळेचा काहीतरी सुगावा असतो, रस्त्यावरचा आवाज, वर सरकणारं ऊन, शेजारचा कुकर. न्हाणीघरात काहीच नाही. फक्त दमट हवेनं सेलच्या टोकांना हिरवट गंज चढतो आणि घड्याळ मागे पडायला लागतं. महिन्यातून एकदा मोबाइलशी ताडून पाहावं आणि वर्षाच्या आत सेल बदलावा. मागे पडलेलं घड्याळ मुळीच नसलेल्या घड्याळापेक्षा वाईट.

घड्याळांतली ही वजाबाकी मुंबईनं अख्ख्या शहरानिशी केलेली आहे. १९०६ च्या आधीची काही दशकं रेल्वे मद्रास टाइमवर चालायची आणि तो मुंबईच्या स्थानिक वेळेपेक्षा अर्धा तास पुढे होता. गाडी सुटायची मद्रासच्या घड्याळानं, प्रवासी घरून निघायचा मुंबईच्या. मग १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ आली, ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे. मुंबईची स्वतःची वेळ ४ तास ५१ मिनिटं पुढे होती, म्हणजे फरक ३९ मिनिटांचा. रेल्वेनं नवी वेळ घेतली, पालिकेची घड्याळं मात्र बॉम्बे टाइमवर अडून राहिली, ती थेट १९५५ पर्यंत. पन्नास वर्षं या शहरात ‘किती वाजले?’ या प्रश्नाला ‘कुठल्या घड्याळात?’ हा प्रतिप्रश्न अगदी रास्त होता.

याच शहरानं पुढे एक सवय अशी लावून घेतली, की वेळेवर पोहोचण्याच्या सगळ्या युक्त्यांत मी तिला पहिला नंबर देईन. उपनगरातला माणूस ‘आठच्या सुमाराला निघतो’ असं म्हणत नाही. तो म्हणतो, माझी ७:४९. ‘आठच्या सुमारास’ ही वेळ कधी चुकतच नाही, कारण ती सव्वाआठपर्यंत ताणता येते. ७:४९ ला ताण नाही. ७:५० ला ती गेलेली असते आणि तिचे मागचे लाल दिवे दिसतात. कचेरीची वेळ साहेबाची असते, समारंभाची वेळ यजमानाची असते. गाडी तेवढी आपली. म्हणून ज्या कामाला गाडी नाही त्यालाही एक आडनिडा आकडा चिकटवावा. डॉक्टरकडे ‘पाच वाजता जायचंय’ हे बाजूला ठेवून ‘४:३७ ला कुलूप’ असं कागदावर लिहावं. आकडा विचित्र असला की तो कुठूनतरी हिशोबानं आलाय असं मनाला पटतं, आणि तसा तो हिशोबानंच काढायचा असतो.

हिशोब करायचा तो उलटा. डोंबिवलीत राहणारा आणि मंत्रालयात नोकरीला असलेला माणूस घ्या. राज्य सरकारच्या कार्यालयांना फेब्रुवारी २०२० अखेरपासून पाच दिवसांचा आठवडा आहे आणि वेळ आहे सकाळी ९:४५ ते संध्याकाळी ६:१५. जागेवर ९:४५ ला बसायचं, तर फाटकावरची तपासणी आणि लिफ्टची रांग धरून दारात ९:३५ ला हवं. सीएसएमटीहून शेअर टॅक्सीची रांग आणि प्रवास मिळून वीस मिनिटं. चालत गेलं तर पंचवीस, पण ती रोज पंचवीसच राहतात, हा चालण्याचा मोठा गुण. आता भुयारी मेट्रो विधान भवन स्टेशनापर्यंत जाते, तरी खाली उतरणं आणि वर येणं यातच आठ-दहा मिनिटं जातात. नकाशावर तीन स्टेशनं दिसतात म्हणून हुरळू नये. म्हणजे सीएसएमटीच्या बाहेर ९:१५ ला. फलाटावरून बाहेर यायला पाच मिनिटं, गाडी ९:१० च्या आत लागायला हवी. डोंबिवलीहून फास्ट गाडीला सत्तर मिनिटं धरा. त्यात रखडण्याची दहा मिनिटं घाला, कारण शेवटच्या टप्प्यात सिग्नलवर उभी राहणं हे लोकलच्या स्वभावातच आहे. झाली ७:५०. वेळापत्रकात तिथं ७:४९ ची गाडी असेल, तर ती आपली. फलाटावर पाच मिनिटं आधी, पूल चढून उतरायला तीन-चार मिनिटं, शेअर रिक्षा दहा आणि तिची रांग पाच, लिफ्ट आणि सोसायटीचं फाटक तीन. हे सगळं उलटं मोजत आलं की कुलूप लागायची वेळ निघते ७:२२.

आता हाच माणूस झोपेत विचारला तर म्हणेल, ‘७:४९ ची गाडी, साडेसातला निघायचं.’ ही आठ मिनिटं गेली कुठं? दोन टप्प्यांच्या मध्ये. रिक्षाला दहा मिनिटं लागतात हे त्याला पक्कं माहीत असतं. पण रिक्षात बसणारा तिसरा येईपर्यंत थांबणं, लिफ्ट सातव्या मजल्यावरून यायची वाट बघणं, पुलाच्या जिन्यावर समोरून आलेल्या लोंढ्याला वाट देणं, यांना नावं नाहीत म्हणून ती मोजदादीत येत नाहीत.

असा अंदाज सगळ्यांचाच चुकतो. डॅनियल कानमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये या चुकीला ‘प्लॅनिंग फॅलसी’ असं नाव दिलं. पुढे १९९४ मध्ये कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञांनी प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारलं की तुमचा किती दिवसांत होईल. अंदाजांची सरासरी आली सुमारे ३४ दिवस. प्रत्यक्षात लागले सुमारे ५५. गंमत पुढे आहे. ‘जे जे बिघडू शकतं ते सगळं बिघडलं तर किती?’ असंही विचारलं होतं, तर सरासरी आली ४९ च्या आतबाहेर. सगळं बिघडल्यावरचा आकडासुद्धा खऱ्यापेक्षा कमी. म्हणून उलटा हिशोब मांडताना अंदाज विचारू नये, आठवण विचारावी: मागच्या पाच वेळांपैकी सगळ्यात जास्त कधी लागला? तोच आकडा धरावा. सरासरी धरली तर निम्म्या दिवशी उशीर ठरलेलाच.

आणि त्या ७:२२ च्या आधीही एक हिशोब उरतो. कुलूप ७:२२ ला लावायचं, तर जागेवरून उठायचं कधी? बहुतेक लोक म्हणतील ७:२०. खरं उत्तर आहे ७:१५. मोजे शोधणं आणि घालणं दीड मिनिट. चष्मा किंवा किल्ली, दोन्हींपैकी एक रोज हरवतेच, दीड मिनिट. गॅस बंद आहे का, गीझर बंद आहे का, गॅलरीचं दार लावलं का, एक मिनिट. ‘अगं, डबा!’ एक मिनिट. बाटली भरायची राहिली, एक मिनिट. पाऊस आहे का म्हणून खिडकीतून डोकावणं, मग छत्री, मग ती छत्री नको दुसरी, हे एक मिनिट. मग दारात उभं राहून ‘संध्याकाळी येताना काय आणायचं’ ही चर्चा. तयारी झाली असं वाटणं आणि खरंच दाराबाहेर पडणं यांच्यामध्ये सात मिनिटं असतात. लोकलला, रस्त्यावरच्या खड्ड्यांना, पुलावरच्या गर्दीला बोल लागतो. उशीर झालेला असतो तो इथं, पायपुसण्यावर.

पूर्वी या सात मिनिटांचा बंदोबस्त आकाशवाणी करायची. सकाळी ६:५५ ला ‘इयम् आकाशवाणी’ म्हणत संस्कृत बातम्या लागायच्या, ७:०५ ला पुण्याहून मराठी प्रादेशिक बातम्या सुरू व्हायच्या आणि ७:१५ ला संपायच्या. घड्याळाकडे न बघता घर चालायचं. संस्कृत लागलं की अंघोळीला गेलेला बाहेर यायला हवा; प्रादेशिक सुरू झाल्या की चहा; त्या संपल्या की बूट. वेळ कानानं कळायची, हात मोकळे राहायचे. मोबाइलमध्ये वेळ पाहायला मोबाइल हातात घ्यावा लागतो, आणि घेतला की वेळेच्या खालीच चार संदेश आलेले असतात. वेळ पाहणं हेच वेळ घालवणं झालं. ती जुनी सोय हवी असेल तर रेडिओ आजही लागतो, नाहीतर रोज त्याच क्रमानं वाजणारी चाळीस मिनिटांची गाणी लावावीत. पंधरा दिवसांत कान शिकतात की अमुक गाण्याच्या दुसऱ्या कडव्याला दात घासून झालेले असायला हवेत. गाण्यांचा क्रम मात्र बदलायचा नाही. बदलला की ती नुसती करमणूक उरते.

दुसरी युक्ती नाटकवाल्यांची. पहिली घंटा, दुसरी घंटा, तिसरी घंटा आणि पडदा. घरात सगळ्यांचा एकच गजर असतो, उठण्याचा, आणि उठणं हे निघण्यापासून फार लांबचं काम आहे. त्याऐवजी मोबाइलवर तीन गजर निघण्याचे लावावेत, प्रत्येकाचा आवाज वेगळा. ७:०२ ची पहिली घंटा: हातातलं पुरं करा, नवीन काही काढू नका. ‘नवीन काही’ म्हणजे कपाट आवरणं, बिल भरणं, कुंड्यांना पाणी. निघायच्या वीस मिनिटं आधी माणसाला एकदम कर्तृत्व सुचतं, त्यावरच ही घंटा. ७:१५ ची दुसरी: बूट. बूट चढले की माणूस पुन्हा पलंगावर टेकत नाही. ज्या घरात चपला-बूट घालून आत फिरत नाहीत, आणि आपल्यात कुणी फिरत नाही, तिथं बूट घालणं म्हणजे घरातून निम्मं बाहेर पडणंच. म्हणून ते सगळ्यात शेवटी न घालता सात मिनिटं आधी घालायचे; राहिलेली वस्तू मग आतला माणूस आणून देतो किंवा ती राहते. ७:२२ ची तिसरी: कुलूप. या घंटांना पुन्हा वाजण्याची सोय द्यायची नाही. काही मोबाइलमध्ये ती नऊ मिनिटांची असते, आणि नऊ मिनिटांत एक फास्ट जाऊन दुसरी येते.

दाराजवळचा बंदोबस्त संध्याकाळचाच. किल्ली हरवते ती सकाळी नव्हे, आदल्या संध्याकाळी, पिशव्या घेऊन आत आल्यावर ती ओट्यावर ठेवली जाते तेव्हा. दाराच्या चौकटीपासून हाताच्या अंतरावर एक खिळा किल्लीला, एक खुंटी पिशवीला आणि एक उथळ ताट चष्मा, पाकीट, इअरफोनला. ओळखपत्र गळ्यातून काढलं की थेट पिशवीच्या पट्ट्याला अडकवायचं. छत्र्या दोन, त्यातली एक कायम कचेरीत. चार्जरही दोन. रेल्वेचा पास संपण्याच्या आधीच काही दिवस नवा काढता येतो, त्यामुळे संपायच्या तारखेला मोबाइलमध्ये आठवण लावू नये, आठवडाभर आधीच्या रविवारी लावावी. तिकीट अ‍ॅपवर काढत असाल तर घरून निघताना काढा. स्टेशनच्या आवारात गेल्यावर ते तसं सहज निघत नाही.

राहिला ‘गॅस बंद केला का’ हा किडा. कुलूप लावून खाली उतरलेला माणूस याच किड्यापायी परत वर येतो आणि तीन-चार मिनिटं घालवतो. रेल्वेचे लोको पायलट सिग्नल नुसता बघत नाहीत, हात दाखवून त्याचा रंग मोठ्यानं उच्चारतात. घरीही तसंच करावं. गॅसच्या खटक्याला हात लावून ‘गॅस’, गीझरच्या बटणाला ‘गीझर’, गॅलरीच्या कडीला ‘कडी’, असं मोठ्यानं म्हणायचं. मुलं हसतात, हसू द्यावं. डोळ्यांनी पाहिलेलं रोजचंच असतं म्हणून लक्षात राहत नाही. तोंडानं म्हटलेलं राहतं.

स्वयंपाकघर आणि न्हाणीघर इथं वेळ चोरीला जात नाही, ती चुकीची मोजली जाते. ‘कुकर लावलाय, तीन शिट्ट्या झाल्या की झालं.’ तीन शिट्ट्या व्हायला बारा-पंधरा मिनिटं, ठीक. पण वाफ जिरायला पुढची दहा. घाईत शिट्टी उचलून वाफ सोडली की वरणाचा फवारा थेट कपड्यांवर, मग शर्ट बदला, त्याला इस्त्री नाही. कुकर सगळ्यात आधी चढायला हवा, अंघोळीच्या आधी. पोळीला लाटणं-भाजणं एकत्र धरून दीड-पावणेदोन मिनिटं, म्हणजे दहा पोळ्यांना सतरा. कणीक रात्री भिजवून, वरून तेलाचं बोट फिरवून बंद डब्यात फ्रिजमध्ये ठेवावी आणि उठल्या उठल्या बाहेर काढावी. गार कणकेची पोळी कडेला चिरते. फरसबी, गवार, कोबी रात्री चिरून चालतात. वांगं आणि बटाटा काळे पडतात, चिरलेच तर पाण्यात बुडवून ठेवावे लागतात. पालेभाजी नुसती निवडून ठेवावी. धुऊन चिरून ठेवली की सकाळी तिचा लगदा. आणि डबा भरला की झाकण लगेच लावू नये. गरम भाजीची वाफ आत अडकून दुपारी वास येतो, म्हणून दहा मिनिटं उघडा ठेवायचा. ‘अगं, डबा!’ होतं ते याच दहा मिनिटांपायी. उघडा डबा ओट्यावर निवत असतो आणि माणूस दारात असतो. उपाय साधा: डबा निवायला ओट्यावर न ठेवता दाराजवळच्या स्टुलावर ठेवा.

गीझरचं गणित तर शाळेतल्या विज्ञानाचं आहे. १५ लिटरची टाकी, २००० वॉटचा हीटर, पाणी पंचवीस अंशांवरून साठपर्यंत न्यायला अठरा मिनिटं लागतात. ते साठ अंशांचं पाणी थंडात मिसळून अंघोळीजोगं चाळीस अंशांचं केलं की एकूण पस्तीस लिटर होतं, म्हणजे दोन बादल्या, त्याही काठोकाठ नाहीत. घरात तिघं असतील तर तिसऱ्याला टाकी पुन्हा तापेपर्यंत थांबणं आलं. तो तिसरा रोज ओरडतो की मलाच का उशीर होतो. अंघोळीचा क्रम घरात मानापानानं ठरतो. तो गाडीच्या वेळेनं ठरवावा, आणि पहिल्याच्या आधी अठरा मिनिटं बटण दाबायची जबाबदारी एकाच माणसाकडे असावी. ‘कुणीतरी लावेल’ म्हटलं की कुणी लावत नाही.

बाहेर पडल्यावरच्या युक्त्या तशा सर्वांना ठाऊक आहेत, म्हणून भरभर सांगतो. लिफ्टची वाट पाहू नये. एक मजला उतरायला पंधरा सेकंद लागतात, सात मजले पावणेदोन मिनिटांत होतात आणि ती वेळ रोज तीच असते. शेअर रिक्षाच्या रांगेत दोघंच असतील तर तिसऱ्याचे पैसे वाटून घ्या आणि निघा.

फलाटावर मात्र थोडं थांबायला हवं. बारा डब्यांची लोकल सुमारे २६० मीटर लांब असते. मोकळ्या रस्त्यावर एवढं अंतर तीन-साडेतीन मिनिटांचं. नुकतीच गाडी रिकामी झालेल्या फलाटावर त्याची सहा-सात होतात, कारण सगळे एकाच जिन्याकडे निघालेले असतात. म्हणून जाणकार चढताना उतरायच्या स्टेशनचा विचार करतो. दादरला पश्चिम रेल्वे पकडायची असेल तर पुलाच्या जिन्यासमोर उघडणारा डबा. सीएसएमटीला उतरायचं तर पुढचे डबे, कारण तिथं रूळ संपतात आणि बाहेर पडायची वाट पुढूनच आहे. हे सगळ्यांना माहीत असल्यामुळे पुढचे डबे डोंबिवलीलाच ठासलेले असतात. मधल्या डब्यात थोडं बरं उभं राहायचं की पुढच्यात चेंगरून पाच मिनिटं वाचवायची, हा ज्याच्या त्याच्या फासळ्यांचा प्रश्न. तरी आपला डबा फलाटावर कुठं लागतो ती खूण, एखादा खांब, चहाचा स्टॉल, पंख्याखालची फरशी, ठरलेली हवी. बारा आणि पंधरा डब्यांच्या गाड्यांत खूण सरकते, म्हणून इंडिकेटरवर वेळेच्या शेजारचा डब्यांचा आकडाही वाचायचा. एसी लोकलला दारं बंद होतात, तिथं धावत पकडण्याचा प्रश्नच येत नाही.

साध्या लोकलला तो येतो, आणि त्याबद्दल मी कडक आहे. धावत पकडलेल्या गाडीनं वाचतात ती चार-पाच मिनिटं. रूळ ओलांडला तर वाचतात पुलाची तीन. रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड आहे, पण भीती दंडाची नसावी. ९ जून २०२५ ला मुंब्र्याच्या वळणावर दारात लटकलेली माणसं गाडीतून पडली. ती उशिरा निघालेली होती असं कुणी म्हणू नये. गर्दीला आत जागाच नव्हती. म्हणून हिशोबात ‘आपली गाडी’ ठरवताना तिच्या पुढची गाडीसुद्धा चालेल इतकी सैल ठरवावी. सोडता येणारी गाडी हातात असली की माणूस फलाटावर शहाण्यासारखा वागतो.

बिघाडाचे दिवस आधी ओळखू येतात. रविवारी मेगाब्लॉक, साधारण अकरा ते चार. फास्ट गाड्या स्लोवर वळवतात आणि काही गाड्या रविवारी धावतच नाहीत. लग्नाला जायचंय आणि ‘आपली ७:४९ आहेच’ म्हणून निघालेला माणूस इथं फसतो. पावसाळ्यात पालिका साडेचार मीटरपेक्षा मोठ्या भरतीचे दिवस आणि वेळा आधीच जाहीर करते. त्या वेळेला मुसळधार पाऊस आला की शहरातलं पाणी समुद्रात जात नाही आणि कुर्ला, शीव, चुनाभट्टीच्या सखल भागात रूळ बुडतात. भरतीची वेळ पाहून तिच्या दीड तास आधीची गाडी धरावी. ती हुकली आणि कुर्ल्याच्या पुढे खोळंबा आहे असं कानावर आलं, तर गाडीत बसून राहण्यापेक्षा घाटकोपरला उतरावं, मेट्रोनं मरोळ नाक्यापर्यंत जावं आणि तिथून भुयारी मेट्रोनं थेट विधान भवन गाठावं. ही वाट कोरड्या दिवशी एकदा करून पाहिलेली असावी, जिने आणि फाटकं पायांना माहीत व्हायला. पावसात, भिजलेल्या शंभर माणसांच्या मागे उभं राहून नवी वाट शिकणं अवघड.

इतकं करूनही उशीर होतोच. मग येतो फोन, आणि मराठीतलं एक अख्खं क्रियापद कामाला लागतं. ‘निघतोय’ म्हणजे टॉवेल अजून कमरेला आहे. चाळीस मिनिटं धरा. ‘निघालोच’ म्हणजे बूट सापडत नाहीत, पंचवीस. तो ‘च’ जितका ठासून, तितका माणूस दारापासून लांब. ‘निघालो’ म्हणजे लिफ्टच्या बाहेर उभा आहे. ‘पोहोचतोय पाच मिनिटांत’ याला तर अर्थच नाही, ते फक्त शिष्टाचार. वाट पाहणाऱ्याला या सगळ्याचा तर्जुमा पाठ असतो आणि तो पुन्हा आपल्या परीनं वजाबाकी करत बसतो, टेबलावरच्या त्या घड्याळासारखी. त्यातल्या त्यात कामाचा निरोप लोकलमधलीच माणसं देतात. त्यात मिनिटं नसतात, वचनही नसतं. ‘ठाणं सोडलं.’ समोरचा तेवढ्यावर चहाचं आधण ठेवतो.